विश्लेषण : मोहरीएवढ्या भिंगातून जीवाणू कसे दिसले? कापड दुकानदार ल्युवेनहूक यांची गोष्ट

मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने मुंगी, जास्वंदीचे पराग किंवा साखरेचा दाणा टिपायचा तर फोन वस्तूपासून दोन ते चार सेंटीमीटरवर न्यावा लागतो. त्याहून जवळ नेला की चित्र धूसर होते. अगदी जवळून, छोट्याशा लेन्सने नेमके चित्र मिळवायचे तर लेन्स कोणती निवडायची, हा प्रश्न आज मोबाइल कंपन्यांच्या अभियंत्यांना पडतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातल्या एका कापड दुकानदारालाही पडला होता. विद्यापीठाची पायरी न चढलेले आणि लॅटिन न येणारे अँटनी व्हॅन ल्युवेनहूक यांनी त्यावर जे उत्तर शोधले, त्यातून माणसाला पहिल्यांदा जीवाणू दिसले. पण त्याच उत्तरामुळे ते दुसऱ्या कुणाला दाखवणे आणि पटवून देणे अवघड होऊन बसले.

कापडाच्या दुकानात भिंग कशाला?

ल्युवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. वडील टोपल्या विणण्याच्या व्यवसायात होते. अँटनी लहान असतानाच ते वारले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना ॲमस्टरडॅममधल्या एका कापड व्यापाऱ्याकडे काम शिकायला पाठवण्यात आले. १६५४मध्ये ते डेल्फ्टला परतले, लग्न केले आणि कापडाचे स्वतःचे दुकान थाटले. पहिल्या पत्नीपासून झालेल्या पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. तिने पुढे लग्न केले नाही आणि वडिलांच्या अखेरीपर्यंत ती त्यांच्यासोबत राहिली.

कापडाच्या धंद्यात भिंग लागतेच. एक इंच कापडात उभे-आडवे धागे किती बसले आहेत, यावरून कापडाचा दर्जा ठरतो. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागांच्या व्यवसायात त्यासाठी आजही छोटे भिंग वापरतात. ल्युवेनहूक यांचा भिंगाशी पहिला संबंध असाच आला असावा, असे मानले जाते. मात्र धागे मोजायला काही पट मोठे दिसले तरी पुरते. तिथून अडीचशे पटींवर जायचे म्हणजे वेगळाच खेळ.

१६६०मध्ये त्यांना डेल्फ्टच्या नगरभवनात एक सरकारी जागा मिळाली. तेथील दालनाची देखभाल करणे, असे त्या कामाचे साधारण स्वरूप होते. पगार नियमित आणि वेळ हाताशी. पुढे ते अधिकृत भूमापक झाले, दारूच्या पिंपांचे माप तपासण्याचे कामही त्यांच्याकडे आले. मोजणे हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता आणि त्यांच्या विज्ञानातही तो जागोजागी दिसतो. याच शहरात, त्याच वर्षी आणि त्याच महिन्यात जन्मलेल्या योहानेस व्हर्मीर या चित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्जबाजारी मालमत्तेचे विश्वस्त म्हणून शहराने १६७६मध्ये ल्युवेनहूक यांनाच नेमले. दोघांची मैत्री होती का, यावर कादंबरीकारांनी बरेच लिहिले आहे. ती होती, याचा पुरावा मात्र नाही.

एक भिंग की दोन?

१६६५मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचे ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आले. पिसू, ऊ, माशीचा डोळा, बुचाच्या झाडाच्या सालीतले कप्पे यांची त्यातली मोठमोठी चित्रे पाहून युरोप थक्क झाला. ‘सेल’ हा जीवशास्त्रातला शब्द याच पुस्तकातला. हूक यांनी ही चित्रे संयुक्त सूक्ष्मदर्शकातून काढली होती. म्हणजे नळीच्या एका टोकाला वस्तूजवळ एक भिंग, दुसऱ्या टोकाला डोळ्याजवळ दुसरे. पहिले भिंग प्रतिमा मोठी करते, दुसरे ती आणखी मोठी करते. शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक याच जातीचा असतो.

कागदावर ही रचना उत्तम. अडचण काचेची होती. साध्या गोलसर भिंगात दोन दोष असतात. एक म्हणजे, निळा आणि लाल प्रकाश एकाच बिंदूत गोळा होत नाही, त्यामुळे कडांवर इंद्रधनुष्यी झालर येते. दुसरा म्हणजे, भिंगाच्या कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात, त्यामुळे चित्र पसरट होते. दोन भिंगे एकापुढे एक ठेवली की पहिल्याने केलेला धूसरपणा दुसरे भिंगही इमानदारीने मोठा करते. वस्तू मोठी दिसते, पण त्यात नवा तपशील येत नाही. कमी मेगापिक्सेलचा फोटो बोटांनी ताणून मोठा केल्यावर जे होते तेच. संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे हे दुखणे बरे व्हायला १८३० उजाडावे लागले. त्या वर्षी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी दोषमुक्त भिंगांची जुळणी कशी करायची, याचा निबंध प्रसिद्ध केला.

ल्युवेनहूक यांनी दुसरी वाट धरली. भिंग एकच, पण शक्य तितके लहान.

लहान भिंगाने जास्त मोठे का दिसते, याचे गणित सोपे आहे. साधारण डोळ्याला वस्तू आरामात स्पष्ट दिसते ते सर्वात जवळचे अंतर २५ सेंटीमीटर धरतात. भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंथ, अडीच सेंटीमीटर असेल तर वस्तू दहापट मोठी दिसते. ते अंतर एक मिलिमीटरवर आणले तर २५०पट. भिंग जितके लहान आणि गोलाकार, तितके हे अंतर कमी. त्यामुळे मोठे दिसण्यासाठी मोठे भिंग लागते ही समजूत उलटी आहे. लागते ते मोहरीच्या दाण्याएवढे. भिंग एकच असल्याने दोषही एकदाच येतो आणि तो पुढे कुणी वाढवत नाही.

मग सगळ्यांनी हेच का केले नाही? कारण त्याची किंमत मोजावी लागते. साध्या काचेचा सव्वा मिलिमीटर व्यासाचा गोळा घेतला तर त्याच्या पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जागा उरते. वस्तू तिथेच हवी, किंचितही पुढे-मागे नाही. भिंगाच्या दुसऱ्या बाजूला डोळा इतका जवळ आणावा लागतो की पापण्या धातूला घासतात. दिसणारे क्षेत्र टाचणीच्या डोक्याहूनही लहान. प्रकाश अपुरा. एका वेळी एकच माणूस, एकाच डोळ्याने पाहणार. खुद्द हूक यांना ही वाट ठाऊक होती. काचेचा तंतू ज्योतीत धरून त्याच्या टोकाला गोळी कशी करायची, याची कृती त्यांनी ‘मायक्रोग्राफिया’च्या प्रस्तावनेतच दिली होती. चित्र जास्त स्पष्ट येते, हेही त्यांनी मान्य केले होते. पण डोळ्यांना होणाऱ्या त्रासामुळे त्यांनी ती वापरात ठेवली नाही.

दोन पट्ट्या, एक सुई आणि स्क्रू

ल्युवेनहूक यांचे उपकरण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सूक्ष्मदर्शक वाटत नाही. एखाद्या जुन्या कुलुपाचा सुटा भाग वाटतो. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्या रिव्हेट मारून एकमेकींवर बसवलेल्या, उंची साधारण अंगठ्याएवढी. पट्ट्यांना बारीक भोक आणि त्यात अडकवलेले भिंग. एका बाजूला सुई, तिच्या टोकावर पाहायची वस्तू. सुई वर-खाली करायला लांब स्क्रू, भिंगाच्या जवळ-दूर करायला छोटा स्क्रू, आणि सुई स्वतःभोवती फिरवायची सोय. पाणी किंवा रक्त पाहायचे असेल तर ते काचेच्या केसासारख्या नळीत भरून ती नळी सुईच्या जागी चिकटवायची. मग उपकरण डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड करायचे.

यातल्या भोकाकडे सहज दुर्लक्ष होते. भिंगाच्या कडेने येणारे बेशिस्त किरण ते अडवते आणि चित्र नीट करते. कॅमेऱ्याच्या भाषेत हे ॲपर्चर. मोबाइलच्या लेन्समध्येही ते असतेच. मात्र भोक जास्तच लहान केले तर प्रकाश कमी होतो आणि प्रकाशाच्या लहरी पसरून तपशील पुन्हा पुसला जातो. नेमके किती ठेवायचे, हे ल्युवेनहूक यांनी सूत्राने नव्हे, करून-करून शोधले असणार. त्या काळी असे सूत्र कुणाकडेच नव्हते.

आणखी एक गंमत अशी की ते प्रत्येक नमुन्यासाठी बहुधा नवे उपकरण बनवत. फोकस एकदा जमला की वस्तू तशीच चिकटवून ठेवायची आणि पुढच्या वस्तूसाठी दुसरे भिंग घ्यायचे. त्यामुळे आयुष्यभरात त्यांनी घडवलेल्या भिंगांची संख्या पाचशेच्या पुढे जाते, असा अंदाज आहे. एका लेन्सने सर्व कामे करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. कमी पटीचे भिंग कीटकासाठी, जास्त पटीचे पाण्याच्या थेंबासाठी.

मिऱ्याच्या पाण्यात काय होते?

ल्युवेनहूक यांचे नाव लंडनपर्यंत पोहोचवले ते डेल्फ्टचेच वैद्य रेनिये द ग्राफ यांनी. १६७३मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना पत्र लिहून या कारागिराची ओळख करून दिली. बुरशी, मधमाशी आणि ऊ यांच्यावरचे ल्युवेनहूक यांचे पहिले टिपण त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. द ग्राफ त्याच वर्षी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पत्रव्यवहार मात्र पन्नास वर्षे चालला. ल्युवेनहूक यांनी एकही पुस्तक स्वतंत्रपणे लिहिले नाही. जे काही सांगायचे ते पत्रांतून, बोलीभाषेच्या वळणाच्या डचमध्ये. रॉयल सोसायटीला त्यांनी सुमारे १९० पत्रे पाठवली. चित्रे काढणे त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी पगारी चित्रकार ठेवले होते.

१६७४च्या उन्हाळ्यात त्यांनी डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचे गढूळ पाणी घरी आणले. त्यात हिरव्या सर्पिल पट्ट्यांचे शेवाळ होते आणि त्यात इकडून तिकडे धावणारे इवले जीवही होते. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी पावसाचे, विहिरीचे, समुद्राचे पाणी तपासले. मग मिऱ्यांची पाळी आली. मिरे तिखट का लागते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. कदाचित त्याला अतिसूक्ष्म काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्यांचा तर्क. म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. काटे काही सापडले नाहीत. पण काही आठवड्यांनी त्या पाण्यात जे दिसले ते आधी पाहिलेल्या सर्व जीवांहून लहान होते आणि एका थेंबात त्यांची संख्या लाखोंच्या घरात होती. आज आपण त्यांना जीवाणू म्हणतो. ९ ऑक्टोबर १६७६ रोजी त्यांनी हे सारे एका लांबलचक पत्रात लिहून लंडनला पाठवले.

आकार सांगायचा कसा, हीही अडचणच होती. मायक्रॉन हे माप तेव्हा नव्हते. ल्युवेनहूक यांनी वाळूचा कण, केसाची जाडी, उवेचा डोळा अशी मापे धरली आणि या जीवांतले किती एकाशेजारी एक मांडले म्हणजे वाळूच्या कणाची लांबी भरेल, असा हिशेब दिला. भूमापकाची सवय इथे कामी आली. पुढे १६७९मध्ये एका माशाच्या वीर्यातले जीव जगातल्या माणसांपेक्षा जास्त आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी जगाची लोकसंख्याच काढली. हॉलंडची वस्ती आणि क्षेत्रफळ यांवरून पृथ्वीवर किती माणसे मावतील, हा हिशेब १३ अब्ज ३८ कोटी ५० लाखांवर गेला. आजच्या लोकसंख्येहूनही तो कितीतरी जास्त आहे. पण पद्धत मात्र सरळ आणि तपासता येण्यासारखी होती.

लंडनने विश्वास का ठेवला नाही?

पाण्याच्या थेंबात लाखो प्राणी राहतात, हे सांगणारा माणूस कापड दुकानदार होता आणि ते दिसणारे उपकरण फक्त त्याच्याच घरी होते. रॉयल सोसायटीचा आग्रह असा की एकाला दिसलेले दुसऱ्यालाही दिसले पाहिजे, तरच ते खरे. सोसायटीने वनस्पतिशास्त्रज्ञ निहेमाया ग्रू यांना पडताळणी करायला सांगितले. त्यांना काही दिसले नाही.

ल्युवेनहूक यांनी तोडगा काढला तो पक्का व्यापारी होता. भिंग बनवायची रीत सांगण्याऐवजी त्यांनी साक्षीदार उभे केले. धर्मोपदेशकांसह डेल्फ्ट परिसरातल्या आठ प्रतिष्ठितांना त्यांनी ते जीव दाखवले आणि त्यांच्या सह्यांची निवेदने १६७७मध्ये लंडनला पाठवली. शास्त्रीय दाव्यासाठी हा पुरावा म्हणजे फोटो न देता पंचनामा देण्यासारखे झाले. सोसायटीचे त्याने पूर्ण समाधान होणे शक्य नव्हते.

कोंडी फोडली ती हूक यांनीच. मिरी भिजवली, पातळ काचनळ्या घेतल्या, सूक्ष्मदर्शक सुधारला. सुरुवातीचे प्रयत्न फसले. अखेर १५ नोव्हेंबर १६७७च्या बैठकीत उपस्थितांनी ते हलणारे जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि शंकेला जागा उरली नाही. बारा वर्षांपूर्वी जी एकभिंगी रीत डोळ्यांना त्रासदायक म्हणून त्यांनी बाजूला ठेवली होती, तिच्यावर हूक यांनी १६७८मध्ये पुन्हा सविस्तर लिहिले. हूक यांचा स्वभाव भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. न्यूटन यांच्याशी त्यांचे वाद सर्वांना माहीत असतात. इथे मात्र त्यांनी एका अनोळखी कारागिरासाठी आपला वेळ आणि शब्द खर्च केला. १६८०मध्ये ल्युवेनहूक रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

त्यानंतर डेल्फ्टच्या त्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. १६९८मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट कालव्यातून नावेने आला, तेव्हा त्याला ईल माशाच्या शेपटीतल्या केशवाहिन्यांमधून वाहणारे रक्त दाखवण्यात आले. तांबड्या पेशी, शुक्राणू, स्नायूंवरच्या पट्ट्या, दातांवरच्या पांढऱ्या थरातले जीवाणू ही या पन्नास वर्षांतल्या पत्रांची काही पाने. दातांचे निरीक्षण १६८३चे. स्वतःचे दात मिठाने घासणारे ल्युवेनहूक स्वतःच्याच तोंडातला थर काढून पाहत होते.

आजचा मॅक्रो कॅमेरा तिथपर्यंत का पोहोचत नाही?

मोबाइलच्या अल्ट्रावाइड लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंथ दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ल्युवेनहूक यांच्या भिंगाच्या फार दूर नाही. तरीही तिच्यातून जीवाणू दिसत नाहीत. फरक आहे तो अंतराचा. ल्युवेनहूक वस्तू भिंगापासून मिलिमीटरच्या आत ठेवत. फोनमध्ये ती दोन सेंटीमीटरवर असते. लेन्सची फोकल लेंथ दीड मिलिमीटर आणि वस्तू वीस मिलिमीटरवर असेल, तर सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूच्या सुमारे आठ टक्के आकाराची होते. सेन्सरचा एक पिक्सेल साधारण एक मायक्रॉनचा धरला, तर एका पिक्सेलमध्ये वस्तूचा बारा मायक्रॉनचा भाग जातो. माणसाचा केस त्यात पाच-सहा पिक्सेलचा दिसेल. एक-दोन मायक्रॉनचा जीवाणू मात्र पिक्सेलच्या कोपऱ्यातच हरवतो.

वस्तू आणखी जवळ का आणत नाहीत? कारण मग प्रतिमा सेन्सरच्या मागे तयार होते आणि ती पुढे आणायला लेन्स सेन्सरपासून दूर सरकवावी लागते. फोनच्या जाडीत त्यासाठी एक मिलिमीटरही मोकळा नसतो. शिवाय फोनची स्वतःची सावली वस्तूवर पडते. म्हणूनच काही वर्षांपूर्वी स्वस्त फोनमध्ये आलेला दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा, ज्याचा फोकस चार सेंटीमीटरला कायमचा बसवलेला असतो, बहुतेकांचा अपेक्षाभंग करतो. मेगापिक्सेल किती यापेक्षा लेन्स किती जवळून फोकस करते आणि प्रतिमा सेन्सरवर किती मोठी पडते, हे पाहणे महत्त्वाचे. अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस असेल, तर मॅक्रोसाठी तो सहसा जास्त कामाचा ठरतो.

याहून पुढे जायचे तर पुन्हा ल्युवेनहूक यांच्याकडेच यावे लागते. मेरठमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडलेला ‘फोल्डस्कोप’ हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक याच तत्त्वावर चालतो. कागद, एक काचगोळी आणि उजेड. मोबाइलचा कॅमेरा त्याला चिकटवला की डोळ्याच्या जागी सेन्सर येतो. एका वेळी एकच माणूस पाहू शकतो, ही जुनी अडचण त्यामुळे सुटते. ल्युवेनहूक यांना आठ साक्षीदारांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या; त्याऐवजी आता फोटो पाठवता येतो.

गुपित कुणाला सांगितले?

कुणालाच नाही. पाहुण्यांना ते साधी भिंगे दाखवत. सर्वोत्तम भिंगे आणि पाहण्याची खास रीत त्यांनी स्वतःपुरती ठेवली. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायबनिझ यांनी त्यांना तरुणांना हे शिकवण्याची सूचना केली, तेव्हा १७१५मध्ये त्यांनी ती नाकारली. या कामासाठी लागणारा वेळ, पैसा आणि चिकाटी फार थोड्यांकडे असते, असे त्यांचे म्हणणे होते. पैशासाठी विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलही त्यांचे मत बरे नव्हते.

त्यांची बाजू अगदीच गैर म्हणता येणार नाही. पदवी नसलेल्या, लॅटिन न येणाऱ्या माणसाकडे विद्वानांच्या जगात मिरवायला तेवढेच होते. रीत सांगून टाकली असती तर पुढचे शोध दुसऱ्यांच्या नावावर गेले असते, ही भीती त्यांना वाटत असणे स्वाभाविक. पण या गुप्ततेची किंमत मोठी होती. त्यांच्यानंतर जीवाणूंचा अभ्यास त्याच नेटाने पुढे नेणारे कुणी उरले नाही. जीवाणू आणि रोग यांचा संबंध लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या काळात, म्हणजे मिऱ्याच्या त्या पाण्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी प्रस्थापित झाला. ल्युवेनहूक यांनी शिष्य तयार केले असते तर हा काळ किती कमी झाला असता, हे सांगता येत नाही. दातांवरचे जीव आणि आजार यांची सांगड त्यांनी स्वतःही घातली नव्हती.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते डेल्फ्टमध्ये वारले. अखेरच्या दिवसांत श्वासपटलाला येणाऱ्या झटक्यांचे वर्णनही त्यांनी पत्रांतून लंडनला कळवले. त्या दुर्मीळ विकाराला आज त्यांचे नाव आहे. मृत्युपत्राप्रमाणे २६ चांदीच्या सूक्ष्मदर्शकांची पेटी मारियाने रॉयल सोसायटीला पाठवली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी सोसायटीच्या ताब्यातून गहाळ झाली आणि पुन्हा सापडली नाही. घरी उरलेली चारशेहून अधिक उपकरणे आणि भिंगे मारियाच्या मृत्यूनंतर १७४७मध्ये लिलावात गेली. त्यांतली जेमतेम दहा-बारा आज शिल्लक आहेत.

पट्ट्या उघडल्याशिवाय भिंग कसे पाहिले?

शिल्लक उपकरणांत सर्वात ताकदवान आहे ते युट्रेख्त विद्यापीठाच्या संग्रहालयातले. ते सुमारे २७०पट मोठे दाखवते आणि दीड मायक्रॉनपेक्षाही लहान तपशील वेगळा करते. असे भिंग कसे बनवले, यावर तीन शतके तर्क चालले होते. घासून, फुंकून की वितळवून? पट्ट्या रिव्हेट मारून बंद केलेल्या, त्यामुळे भोकातून भिंगाचा मधलाच भाग दिसे. उघडायच्या तर अनमोल वस्तू मोडायची.

लायडनचे बुऱ्हावे संग्रहालय आणि डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्या संशोधकांनी त्यावर न्यूट्रॉनचा उपाय शोधला. क्ष-किरण धातूत अडकतात, न्यूट्रॉन मात्र पितळ-चांदीतून बरेचसे आरपार जातात. उपकरण फिरवत वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेतल्या की आतल्या भिंगाचा त्रिमितीय आकार संगणकावर उभा राहतो. २०२१मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम ताकदीच्या उपकरणातले भिंग घासून केलेले निघाले. युट्रेख्तच्या उपकरणात मात्र जवळपास पूर्ण गोल अशी काचगोळी होती, तंतू ज्योतीत वितळवून करतात तशी. म्हणजे ल्युवेनहूक यांनी आयुष्यभर जपलेली रीत रॉबर्ट हूक यांनी १६६५मध्येच ‘मायक्रोग्राफिया’च्या प्रस्तावनेत छापलेल्या कृतीशी जुळणारी होती. हे न्यूट्रॉन ज्या अणुभट्टीतून आले ती डेल्फ्टमध्येच आहे.